हेलियमचा शोध, दोन पत्रं आणि आपला विजयदुर्ग

ऑगस्टचा तिसरा आठवडा आला की व्हॉट्सअॅपवर तो फॉरवर्ड यायला लागतो. विजयदुर्ग किल्ल्याचा फोटो आणि खाली मजकूर, की १८ ऑगस्ट १८६८ ला नॉर्मन लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने याच किल्ल्यावरून खग्रास सूर्यग्रहण बघितलं आणि हेलियमचा शोध लावला. मला विजयदुर्ग फार आवडतो, कोकणातल्या एखाद्या जागेचं नाव विज्ञानाच्या इतिहासात यावं असं मलाही मनापासून वाटतं, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहितेय. लॉकियर त्या दिवशी विजयदुर्गावर नव्हता. भारतातच नव्हता. तो लंडनला होता. हे ठामपणे सांगता येतं कारण त्या काळचे खगोलशास्त्रज्ञ एकमेकांना आणि आपापल्या संस्थांना सतत पत्रं लिहायचे, पत्रावर तारीख असायची, पोचल्याची नोंद व्हायची, आणि ती पत्रं छापली जायची.

आज आपल्याला पत्र म्हणजे खाजगी गोष्ट वाटते. व्हिक्टोरिया राणीच्या काळात मात्र शास्त्रज्ञाचं पत्र म्हणजे त्याचा दावा असायचा. काही नवीन दिसलं की त्याच दिवशी रॉयल सोसायटीच्या सेक्रेटरीला किंवा पॅरिसच्या अकादमीला लिहायचं, तिथे ते सभेत मोठ्याने वाचलं जायचं, मग इतिवृत्तात छापून यायचं. पुढेमागे वाद झाला तर त्या पत्राची तारीख काढून बघायची. म्हणजे काय दिसलं याच्याइतकंच कधी लिहिलं आणि कुणाला लिहिलं याला महत्त्व होतं. पत्र लिहायचं राहून गेलं की काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण नेपच्यून.

ते थोडक्यात सांगते. ऑक्टोबर १८४५ मध्ये केंब्रिजचा जॉन कूच अॅडम्स ग्रीनिचला राजज्योतिषी जॉर्ज एअरीच्या घरी गेला, युरेनसला ओढणारा नवा ग्रह कुठे असेल याचं गणित घेऊन. एअरीची भेट झाली नाही म्हणून कागद ठेवून परत आला. एअरीने नंतर पत्र पाठवून एक प्रश्न विचारला, आणि अॅडम्सने त्याला उत्तरच दिलं नाही. इकडे पॅरिसच्या ल व्हेरिएने तेच गणित स्वतंत्रपणे केलं आणि बर्लिन वेधशाळेतल्या गालेला पत्र टाकलं. ते पत्र २३ सप्टेंबर १८४६ ला गालेच्या हातात पडलं आणि त्याच रात्री गाले आणि डॅरेस्ट या दोघांनी ग्रह शोधून काढला, सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत! त्यानंतर इंग्लंड-फ्रान्समध्ये जे भांडण पेटलं ते सगळं पत्रांच्या तारखांवरून. ग्रीनिचची ती नेपच्यूनची फाइल पुढे कित्येक वर्षं गायब होती आणि १९९८ मध्ये थेट चिलीमध्ये, एका दिवंगत खगोलशास्त्रज्ञाच्या कागदपत्रांत सापडली. ती सापडल्यावर अभ्यासकांनी अख्खी गोष्ट पुन्हा नव्याने तपासायला घेतली. एका फाइलमध्ये एवढी ताकद असते.

असो, १८६८ कडे येते. १८ ऑगस्टचं ते ग्रहण खूप लांबीचं होतं, खग्रास स्थिती बऱ्याच ठिकाणी पाच मिनिटांहून जास्त, आणि सावलीचा पट्टा एडनकडून निघून भारत आडवा ओलांडून सयामकडे गेलेला. भर पावसाळा तरीही सगळ्यांची नजर भारतावर, कारण वर्णपटदर्शक म्हणजे प्रकाश त्याच्या रंगांत पसरवून दाखवणारा स्पेक्ट्रोस्कोप हे नवीन हत्यार हातात आलेलं होतं आणि ग्रहणाच्या वेळी सूर्याच्या कडेला ज्या लालसर ज्वाळा दिसतात त्या नेमक्या कशाच्या बनल्यात हे त्यातून कळणार होतं. ज्वाळा तापलेल्या वायूच्या असतील तर प्रकाशात सुट्या चमकदार रेषा दिसणार, इतकं सगळ्यांना माहीत होतं.

कोण कुठे होतं बघा. पॅरिसहून आलेला ज्यूल जान्सेन गुंटूरला. सर्व्हे खात्याचा मेजर टेनंट पण गुंटूरलाच. मद्रास वेधशाळेचा नॉर्मन पॉगसन मछलीपट्टणला. त्याच वेधशाळेचे चिंतामणी रघुनाथाचारी, ज्यांनी आदल्याच वर्षी एक रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणारा, तारा शोधला होता, ते वनपर्तीला. कॅप्टन हेग विजापूरला. आणि लेफ्टनंट जॉन हर्शेल, म्हणजे सर जॉन हर्शेल यांचा मुलगा आणि युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचा नातू, तो रॉयल सोसायटीने दिलेली उपकरणं घेऊन जमखंडीला. जमखंडी म्हणजे पटवर्धनांचं संस्थान! १८६८ च्या ग्रहणाचा मराठी मुलखाशी धागा जोडायचाच असेल तर तो इथे जोडा ना, त्याबद्दल कुणीच बोलत नाही. ढगांनी हर्शेलला फार छळलं, अधूनमधून मिळालेल्या फटीतून त्याने बघितलं, पण तांबडी, नारिंगी आणि निळी अशा रेषा त्याला दिसल्या आणि त्याने तसं लिहून कळवलं.

ती नारिंगी-पिवळी रेषा हाच पुढच्या सगळ्या गोष्टीचा गाभा आहे. बघणाऱ्या बहुतेकांना वाटलं की ही सोडियमची ओळखीची डी रेषा. सोडियम सगळीकडे असतो, मिठात असतो, त्याची पिवळी रेषा प्रयोगशाळेत रोजची, त्यामुळे तसं वाटणं साहजिक होतं, शिवाय सगळं बघायला हातात चार-पाच मिनिटं. पॉगसनने मात्र रेषा डी च्या जागी किंवा डी च्या जवळ आहे असं नोंदवलं होतं. हे "किंवा जवळ" किती मोलाचं होतं! पण पॉगसनचा अहवाल मद्रासमध्ये छापला गेला आणि युरोपातल्या फारच थोड्या लोकांच्या हातात पोचला. मद्रासमध्ये तो बिचारा तीस वर्षं एकट्याने खपला, आणि अशा माणसाचं काम निव्वळ योग्य टेबलावर पोचलं नाही म्हणून मागे पडावं याचं मला खरंच वाईट वाटतं. याच पॉगसनला १८७२ मध्ये जर्मनीहून क्लिंकरफ्यूस नावाच्या खगोलशास्त्रज्ञाची तार आली होती, बीएला पृथ्वीला २७ तारखेला स्पर्शून गेला, थीटा सेंटॉरी या ताऱ्याजवळ शोधा. बीएला म्हणजे तो फुटलेला धूमकेतू. उत्तरेकडून ती जागा दिसत नव्हती म्हणून त्याने थेट मद्रासला तार ठोकली. पॉगसनला ढगांच्या फटीतून डिसेंबरच्या सुरुवातीला दोन दिवस तिथे खरंच एक धूमकेतू दिसला, तो बीएला नव्हता असं पुढे ठरलं ते वेगळं. पण जर्मनीतल्या माणसाला आकाशात काहीतरी शोधायचंय आणि तो तार करतो मद्रासच्या माणसाला, हे जाळं किती लांबवर पसरलेलं होतं!

आता जान्सेन. गुंटूरला त्याने ग्रहण बघितलं, ज्वाळांच्या रेषा इतक्या लखलखीत दिसल्या की ग्रहण सुटता सुटताच त्याला वाटलं, या रेषा मला ग्रहण नसतानाही दिसतील. त्या दिवशी पुढे ढग आले. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला सकाळी सूर्य उगवल्यावर त्याने स्पेक्ट्रोस्कोपची फट सूर्याच्या कडेवर नेऊन ठेवली आणि रेषा दिसल्या. भर उन्हात, ग्रहणाशिवाय. पुढे तो रोज हेच करत राहिला, आपल्याला जणू सतरा दिवसांचं ग्रहण मिळालं असं त्यानेच म्हटलंय.

हे कसं शक्य होतं ते एकदा सांगते म्हणजे लॉकियरचंही कळेल. एरवी ज्वाळा दिसत नाहीत कारण सूर्याभोवतीचं आकाशच इतकं झगझगीत असतं की त्यात त्या बुडून जातात. पण आकाशाचा उजेड सगळ्या रंगांचा मिळून बनलेला, तो प्रिझममधून काढला की पसरतो, आणखी प्रिझम लावले की आणखी पसरतो, लोण्याचा तोच गोळा मोठ्या मोठ्या भाकरीवर फासत गेलं की पातळ होत जातो तसा. ज्वाळेचा प्रकाश मात्र मोजक्याच रेषांमध्ये असतो, त्या रेषा प्रिझम वाढवले तरी पसरत नाहीत, फक्त एकमेकींपासून लांब जातात. म्हणजे पुरेसे प्रिझम लावले की मागचा उजेड मंद आणि रेषा ठळक. इतकी साधी आणि सुंदर कल्पना आहे ही.

जान्सेनने हे पॅरिसला कळवलं ते १९ सप्टेंबरच्या पत्रात, काकीनाड्याहून. म्हणजे ग्रहणानंतर महिन्याने. तेव्हा सुएझ कालवा उघडलेला नव्हता, तो उघडला नोव्हेंबर १८६९ ला, त्यामुळे टपाल बोटीने सुएझपर्यंत, तिथून रेल्वेने अलेक्झांड्रिया, तिथून परत बोट. तारेची सोय होती पण महाग आणि बेभरवशाची, आणि अशी बारकाव्याची गोष्ट तारेत मावणार तरी कशी. तर ते पत्र पाच आठवडे प्रवासात.

आणि इकडे लंडनमध्ये लॉकियर. वय ३२, पोटापाण्याची नोकरी वॉर ऑफिसमध्ये कारकुनाची, खगोलशास्त्र घरच्या बागेत, सव्वासहा इंची दुर्बिणीवर. ग्रहण नसताना ज्वाळांच्या रेषा बघता येतील ही कल्पना त्याच्या डोक्यात १८६६ पासूनच होती. त्यासाठी जास्त ताकदीचा, सात प्रिझमचा स्पेक्ट्रोस्कोप ब्राउनिंग नावाच्या कारागिराकडे करायला टाकलेला, पैसे रॉयल सोसायटीमार्फत मिळालेले, पण काम रखडत रखडत शेवटी १६ ऑक्टोबर १८६८ ला हातात आलं, तेही पूर्ण झालेलं नसताना. आणि चार दिवसांनी, २० ऑक्टोबरच्या सकाळी, त्याला रेषा दिसल्या. त्याच दिवशी त्याने रॉयल सोसायटीचे सेक्रेटरी शार्पी यांना पत्र लिहिलं. सविस्तर नंतर कळवतो, पण अनेक अपयशांनंतर, आता होणारच नाही असं वाटायला लागलेलं असताना, आज सकाळी सूर्याच्या ज्वाळेचा वर्णपट बघण्यात मला पूर्ण यश आलं, अशा अर्थाची त्याची सुरुवात आहे. आणि पुढे रेषा तीन. एक सी च्या अगदी जागेवर, एक जवळपास एफ च्या जागी (सी आणि एफ ही हायड्रोजनच्या रेषांची अक्षरं), आणि तिसरी डी च्या जवळ. ही तिसरी डी च्या दोन ठळक रेषांपासून किती सरकलेली आहे तेही त्याने वर्णपटातल्या रेषांच्या जागा मोजायच्या किर्खहॉफच्या मोजपट्टीवरचे आठ-नऊ भाग असं मोजून दिलंय.

हे पत्र वाचताना मला दर वेळी तिथेच थांबावंसं वाटतं. कारण हेलियमची सुरुवात कुठे शोधायची तर ती इथे, या आठ-नऊ भागांत. रेषा डी च्या जवळ आहे पण डी नाही. ग्रहणाच्या घाईगर्दीत जे नक्की करता आलं नाही ते त्याला बागेत, निवांत, जेव्हा सूर्य दिसेल तेव्हा मोजता आलं. आणि म्हणूनच विजयदुर्गाचा तो फॉरवर्ड मला इतका खटकतो, लॉकियरच्या कामाचं अख्खं वैशिष्ट्यच हे की त्याला ग्रहणाची गरज पडली नाही, आणि आपण त्यालाच ग्रहण बघायला किल्ल्यावर आणून बसवतो.

लॉकियरच्या शोधाची बातमी वॉरन द ला रू या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने पॅरिसच्या अकादमीला पत्राने कळवली. २६ ऑक्टोबर १८६८ ची सभा. त्या एकाच सभेत लंडनहून आलेली ही बातमी वाचली गेली आणि काकीनाड्याहून आलेलं जान्सेनचं पत्रही वाचलं गेलं. एक पत्र पाच आठवडे समुद्र ओलांडत आलेलं, दुसरं काही दिवसांपूर्वीचं, आणि दोन्हीत तीच पद्धत, एकाने दुसऱ्याला काहीही न विचारता शोधलेली. नेपच्यूनच्या वेळेसारखं भांडण इथे सहज पेटलं असतं. पण फाय या शास्त्रज्ञाने सभेत मत मांडलं की श्रेय वाटून देण्याचा खटाटोप करण्यापेक्षा दोघांनाही त्याचा पूर्ण मान द्यावा, आणि ते मानलं गेलं. १८७२ मध्ये फ्रेंच सरकारने पदक काढलं, त्यावर जान्सेन आणि लॉकियर दोघांचे चेहरे शेजारी शेजारी. ते दोघं पुढे मित्र झाले. विज्ञानाच्या इतिहासात माणसं इतक्या मोठ्या मनाने वागलेली फार कमी वेळा दिसतात.

आता नीट बघितलं तर त्या पदकावर हेलियम नाहीच. पदक आहे ज्वाळांचं पृथक्करण करण्याच्या पद्धतीसाठी. जान्सेनच्या त्या पत्रातही नव्या मूलद्रव्याचा दावा नाही. त्यामुळे "जान्सेनने १८ ऑगस्टला हेलियम शोधला" हे पाठ्यपुस्तकी वाक्यही तितकंच सैल आहे. तिसऱ्या रेषेला लॉकियरने डी-थ्री म्हटलं, मग रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंडबरोबर तिच्या मागे लागला, हायड्रोजन वेगवेगळ्या दाबाखाली ठेवून ती मिळते का बघितलं, मिळाली नाही. सूर्यावर असं काही आहे जे पृथ्वीवर कुणी बघितलेलं नाही, हे म्हणायला त्या काळात धाडस लागत होतं आणि लॉकियरसुद्धा छापील लिखाणात लगेच ते म्हणत नव्हता. हेलियम हे नाव जगापुढे आलं १८७१ मध्ये, एडिंबरोच्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात, आणि ते उच्चारलं विल्यम थॉमसनने, पुढे जे लॉर्ड केल्विन झाले त्यांनी, अध्यक्षीय भाषणात, फ्रँकलंड आणि लॉकियर हे नाव सुचवतायत असं सांगून. नंतर कित्येक वर्षं अनेक रसायनशास्त्रज्ञांचा यावर विश्वास बसला नव्हता. हातात पदार्थच नाही, फक्त एक रेषा.

तो हातात आला १८९५ मध्ये आणि त्यालाही कारण एक पत्रच. रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्झीने भौतिकशास्त्रज्ञ रॅलेबरोबर नुकताच अरगॉन हा वायू शोधला होता. ब्रिटिश म्युझियममधल्या मायर्स नावाच्या खनिजतज्ज्ञाने त्याला पत्र लिहून कळवलं की अमेरिकेत हिलेब्रँड या रसायनशास्त्रज्ञाला युरेनियमच्या खनिजांतून अॅसिडबरोबर उकळल्यावर एक वायू मिळालाय, तो त्याला नायट्रोजन वाटला, तुम्ही तो तपासून बघा. रॅम्झीने क्लीव्हाइट नावाचं खनिज मिळवलं, त्यातून वायू काढला, मार्चमध्ये वर्णपट बघितला आणि पिवळी रेषा दिसली जी सोडियमशी जुळेना. त्याने नळ्या भरून वर्णपटाचा जाणकार क्रूक्स याला पाठवल्या, लॉकियरलाही पाठवल्या. क्रूक्सने मोजून सांगितलं, डी-थ्री. ५८७.६ नॅनोमीटर, आणि सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ ला. एवढ्याशा फरकासाठी २७ वर्षं गेली. लॉकियर तेव्हा साठीला टेकला होता आणि तो रंग त्याने स्वतःच्या डोळ्यांनी नळीत बघितला.

मग विजयदुर्ग यात कुठे? आहे ना, आणि अगदी पक्क्या कागदपत्रांनिशी आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी सर नॉर्मन लॉकियर स्वतः विजयदुर्गाला आले होते. रॉयल नेव्हीची मेल्पोमिनी ही युद्धनौका मदतीला, कॅप्टन चिझम-बॅटन, कलकत्त्याहून आलेले प्रोफेसर पेडलर, आणि जहाजावरच्या खलाशांना उपकरणं चालवायला शिकवून कामाला लावलेलं, इतका मोठा तळ किल्ल्यावर पडला होता. खग्रास स्थिती फक्त दोन मिनिटांच्या आसपास, पण आकाश स्वच्छ मिळालं आणि निरीक्षणांचा सविस्तर अहवाल रॉयल सोसायटीत छापला गेला, शीर्षकात आपल्या विजयदुर्गाचं नाव घेऊन. किल्ल्यावर जे साहेबाचे ओटे दाखवतात त्यांची सांगड या १८९८ च्या तळाशी सरळ बसते. लॉकियर त्याच्या आधी भारतात आला होता, पण तो डिसेंबर १८७१ मध्ये, केरळातल्या बेकल किल्ल्यावर, दुसऱ्या ग्रहणासाठी. किल्ला, समुद्र, लॉकियर आणि ग्रहण हे सगळं खरंच आहे, फक्त साल तीस वर्षांनी मागे सरकलंय आणि त्यात हेलियम येऊन चिकटलाय.

आणि १८९८ ची आपली गोष्ट काही लहान नाही हो. त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल होता, आणि तिथेच पुण्याच्या सायन्स कॉलेजचे कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणं घेऊन उभे होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात उभी राहिलेली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा नायगमवालांनीच चालवली, तिची वीस इंची दुर्बीण पुढे कोडाईकनालला गेली. मुंबई इलाख्यात प्लेग चालू असताना ही सगळी माणसं सामान लादून ग्रहणाच्या पट्ट्यात पोचली होती. नायगमवालांचं नाव कुठल्याही फॉरवर्डमध्ये मी बघितलेलं नाही.

त्यामुळे १८ ऑगस्टला विजयदुर्गावर हेलियम दिवस साजरा होतो तो होऊ दे, मुलं किल्ल्यावर येतात, दुर्बिणीतून बघतात, हे उत्तमच आहे. पण त्याच्या जोडीला २२ जानेवारीलाही कार्यक्रम व्हावा, फलकावर १८९८ लिहिलं जावं, आणि शाळेतल्या मुलांना लॉकियरचं २० ऑक्टोबरचं पत्र मराठीत करून वाचून दाखवावं, लहानसंच आहे, पाच मिनिटं पुरतात. आणि एक विनंती. विजयदुर्ग, गिर्ये, देवगड, इकडे जेऊर, करमाळा या भागातल्या ज्यांच्या घरी जुन्या ट्रंका, चोपड्या, मोडी कागद असतील त्यांनी जानेवारी १८९८ च्या सुमाराचं काही सापडतंय का बघा. साहेबाच्या तळाला कुणी माणसं पुरवली असतील, कुणी दूध-भाजी, कुणी ओटे बांधायला चिरे. साहेबांची पत्रं लंडनमध्ये नीट जपलेली आहेत, आपल्या बाजूने कुणी काय लिहिलं ते अजून कुणी शोधलेलंच नाही. काही मिळालं तर फोटो काढून मला नक्की पाठवा, मोडी वाचणारी माणसं माझ्या ओळखीत आहेत.